दोन टाक्या, एक इंजिन आणि परत येणारं डिझेल

बोटीत डिझेलच्या दोन टाक्या बसवायच्या म्हटलं की सगळे आधी कॉकचा, म्हणजे टाकीची वाट चालू-बंद करणाऱ्या तोटीचा, विचार करतात. डाव्या टाकीचा एक पाइप, उजवीचा एक, मध्ये तीन तोंडांचा वॉल्व्ह, पुढे फिल्टर आणि मग इंजिन. पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, असेल तर एवढ्यावर भागतं, कारण त्याच्याकडे गेलेलं पेट्रोल सहसा टाकीत परत येत नाही. डिझेल इंजिनाचं तसं नाही. ते टाकीतून ओढलेल्या डिझेलपैकी बरंचसं परत पाठवतं. हे परतीचं डिझेल कुठल्या टाकीत पडणार, याचा विचार जोडणी करताना अनेकदा राहूनच जातो.

मुळात इंजिन डिझेल परत का पाठवतं? डिझेल पंप आणि नोझल यांच्या आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीत सरकत असतात. त्यांना वंगण आणि थंडावा देण्याचं काम डिझेलच करतं, आणि ते काम करून उरलेलं टाकीकडे निघून जातं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात ही परतीची धार बारीक असते. कॉमन रेल किंवा युनिट इंजेक्टरच्या, म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या, इंजिनात मात्र जळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल परत येऊ शकतं, तेही चांगलं गरम होऊन.

आता हिशेब मांडू. समजा, इंजिन तासाला ४० लिटर ओढतं, १० लिटर जाळतं आणि ३० लिटर परत पाठवतं. टाक्या २०० लिटरच्या आहेत; उजवीत १५० लिटर डिझेल आहे, डावीत १७०. कॉक उजवीवर आहे, पण परतीचा पाइप कुणीतरी जवळ पडतो म्हणून डावीला जोडून ठेवलाय. इंजिन चालवणारा म्हणतो, तासाला दहा लिटर, म्हणजे उजवी टाकी पंधरा तास पुरेल. प्रत्यक्षात ती पावणेचार तासांत कोरडी पडते. डावीत तीसच लिटरची जागा होती, ती पहिल्या तासातच भरते. पुढच्या पावणेतीन तासांत तिच्या हवेच्या पाइपातून (टाकीत हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या पाइपातून) ऐंशी लिटरच्या वर डिझेल समुद्रात जातं. इंजिनात कसलाही बिघाड नाही, कुठे गळती नाही, तरी डिझेल गायब!

म्हणून ज्या टाकीतून घ्यायचं त्याच टाकीत परत सोडायचं, हा पहिला नियम. त्यासाठी दोन वॉल्व्ह लागतात, एक घेण्याचा आणि एक परतीचा, आणि दोन्ही बरोबर फिरवावे लागतात. रात्री, लाटांत, इंजिनाच्या खोलीत वाकून उभं असताना माणूस एक फिरवतो आणि दुसरा विसरतो. त्यामुळे एकाच दांड्याने दोन्ही मार्ग बदलणारा सहा तोंडांचा वॉल्व्ह घेणं शहाणपणाचं, थोडा महाग पडला तरी. दोन टाक्यांच्या ट्रकांतही अशाच जातीचे वॉल्व्ह वापरतात.

परतीच्या वॉल्व्हची आणखी एक अट आहे: त्याला पूर्ण बंद होणारी जागा असताच कामा नये. द्रव दाबला जात नाही. पंप ढकलत राहिला आणि पुढचा रस्ता बंद असला, तर दाब चढत जातो आणि जी जागा कमजोर असेल ती फुटते. पाइप सुटला तर निदान दिसतो तरी. काही पंपांत आधी शाफ्टचं सील जातं, डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश व्हायचं कारण नाही. ते पातळ झालेलं असतं.

एवढी कटकट आहे तर मोठी एकच टाकी का नको? याचं उत्तर भूमितीत आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतलं डिझेल बोट कलली की कललेल्या बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलवतं. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टाकीचे मधोमध उभे दोन भाग केले की प्रत्येकाची रुंदी निम्मी होते, त्यामुळे प्रत्येकाचा परिणाम आठवा हिस्सा. दोघांचा मिळून एक चतुर्थांश. डिझेल तेवढंच, वजन तेवढंच, नुसती एक भिंत घातली आणि त्रास पाऊण भागाने कमी.

हा फायदा घालवायचा सोपा मार्गही आहे. दोन्ही टाक्यांचे तळ एका पाइपाने जोडायचे, म्हणजे पातळी आपोआप सारखी राहते. जेटीला शांत उभ्या असलेल्या बोटीत हे झकास चालतं. समुद्रात मात्र टाक्यांमधलं अंतर २ मीटर असेल आणि बोट एका बाजूला ५ अंश कलून चालत असेल, तर दोन टाक्यांच्या उंचीत १७ सेंटिमीटरचा फरक पडतो. डिझेल खालच्या टाकीकडे वाहत राहतं, तिचं वजन वाढतं, बोट जास्त कलते आणि मग आणखी डिझेल वाहतं. जोडपाइप ठेवायचाच असेल तर दोन्ही टोकांना कॉक हवेत, आणि बंदर सोडताना ते बंद हवेत. दोन्ही टाक्यांचे हवेचे पाइप एकत्र करून एकच तोंड बाहेर काढण्याची काटकसरही याच कारणाने नको. टाकी भरलेली असली की डिझेल त्या रस्त्यानेही पलीकडे जातं.

टाक्यांची पातळी विषम झाली की ती सारखी करावी असं कुणालाही वाटतं. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या विमानात नेमकं हेच घडलं. उजव्या इंजिनाच्या इंधनवाहिनीला गळती लागली होती. पंखांमधल्या टाक्यांत फरक दिसला म्हणून वैमानिकांनी डावीकडचं इंधन उजवीकडे वळवलं, आणि तेही त्याच गळतीतून गेलं. अटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद पडली. त्यानंतर ते विमान शंभर किलोमीटरहून जास्त अंतर नुसतं तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेसला उतरलं. आतले ३०६ जण वाचले. बोट असो की विमान, एक टाकी विनाकारण लवकर उतरत असेल तर जास्तीचं इंधन कुठे चाललंय ते आधी शोधावं, वॉल्व्हला हात नंतर लावावा.

पाइपांकडे वळू. टाकीतून पंपापर्यंतच्या भागात पंप ओढत असतो, म्हणजे आत हलका निर्वात असतो. तिथला बँजो बोल्ट (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) सैल असेल किंवा वायसर खराब असेल, तर बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. उलट हवा आत शिरते. इंजिन अडखळतं आणि मेकॅनिक म्हणतो, एअर घेतली. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून फेस जाईपर्यंत एअर काढायची. पंपाच्या पुढच्या भागात दाब असतो, तिथली गळती मात्र ओल्या डागाने लगेच कळते. दोन टाक्यांच्या बोटीत ओढणाऱ्या बाजूचे सांधे जवळजवळ दुप्पट होतात. म्हणून फिल्टर टाकी निवडणाऱ्या वॉल्व्हच्या पुढे एकच ठेवावा आणि एकूण जोड जमेल तितके कमी करावेत. पाइप तळाऐवजी टाकीच्या माथ्यातून आत सोडलेला बरा. तळाशी जोडलेला पाइप तुटला तर सगळी टाकी बोटीत रिकामी होते. माथ्यातून घेतल्यावरही तुटलेलं टोक पातळीच्या खाली असेल तर सायफन सुरू होऊ शकतो, तेव्हा टाकीपाशी कॉक हवाच. जस्त चढवलेला जीआय पाइप डिझेलला वापरू नये. जस्ताशी प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ बनतो आणि फिल्टर चोंदतो.

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मोसम सुरू करताना टाकीच्या तळाला पाणी सापडतं आणि दोष दमट हवेला जातो. हिशेब वेगळं सांगतो. ५०० लिटर रिकाम्या जागेतली पूर्ण दमट हवा ३० अंशांवरून २४ अंशांवर आली, तर तिच्यातून चार-पाच ग्रॅम पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी आत येते ती फक्त दोनेक टक्के नवी हवा. अशाने दोन महिन्यांत कपभरही पाणी जमत नाही. आता डेकवरचं भरण्याचं झाकण बघा. पाच सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तीन हजार मिलिमीटर पावसात जवळपास सहा लिटर पाणी पडतं, आणि रबरी रिंग चिरलेली असेल तर त्यातलं काही आत उतरतंच. ती रिंग पावसाळ्याआधी बदलायची. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी वाढते. तिची एक जात, हॉर्मोकोनिस रेझिनी, इंधनातल्या हायड्रोकार्बनवरच जगते. काळपट शेवाळासारखे तिचे पापुद्रे पहिल्या मोठ्या लाटांत सुटतात आणि फिल्टरवर जाऊन बसतात. अशा वेळी दुसरी टाकी स्वच्छ असणं म्हणजे इंजिन सुरू राहणं. त्यामुळे दोन्ही टाक्या एकाच दिवशी, एकाच ठिकाणी भरण्यापेक्षा एक जुन्या, खात्रीच्या डिझेलची राखलेली चांगली.

हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी लावायला विसरू नये. किनाऱ्यावरच्या बोटीत कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. मग टाकीत हवा शिरत नाही, इंजिन तासभर नीट चालतं आणि हळूहळू दम सोडतं. टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि सगळं ठीक होतं. टाकी बदलल्यावर त्रास थांबला, तर दोष इंजिनात नसून पहिल्या टाकीकडे आहे हेही कळतं.

मोठ्या जहाजांनी हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवलाय. मुख्य टाक्यांतलं इंधन गाळून एका छोट्या रोजच्या टाकीत चढवायचं. इंजिन तिच्यातूनच घेतं आणि परतही तिकडेच वळवता येतं. १ जुलै १९९८ रोजी किंवा त्यानंतर बांधलेल्या, सोलास (समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या जहाजांना अशा दोन टाक्या, प्रत्येकी किमान आठ तास पुरतील एवढ्या, ठेवाव्या लागतात. जागा असेल तर छोट्या बोटीलाही मला हीच रचना सगळ्यांत पटते. मात्र रोजच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप भरण्याच्या पाइपाहून जाड हवा, आणि तो ज्या टाकीतून उपसा चालू आहे तिच्यातच पडायला हवा.

जोडणी बरोबर झाली का, हे जेटीलाच तपासता येतं. दोन्ही टाक्यांत मोजपट्टी घालून पातळी लिहून ठेवायची, कॉक उजवीवर ठेवून इंजिन तासभर चालवायचं आणि पुन्हा मोजायचं. उजवी थोडी उतरली आणि डावी जागची हलली नाही, तर काम चोख. डावी चढली तर परतीचा पाइप चुकीच्या टाकीत जातोय. दोन्ही उतरल्या तर कुठला तरी कॉक पूर्ण बसत नाहीये. मग हेच डावीवर ठेवून पुन्हा करायचं, कारण वॉल्व्हचा दोष कधी कधी एकाच बाजूला असतो.