ग्रह बघायला आयपीस कुठला घ्यावा

आयपीस म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो ती छोटी नळी, पुस्तकी मराठीत नेत्रिका. आरसा किंवा पुढचं भिंग प्रतिमा तयार करतं आणि आयपीस ती मोठी करून दाखवतो. किती पट मोठं दिसेल याचा हिशोब सोपा आहे, दुर्बिणीची फोकल लेंथ (नाभीय अंतर) भागिले आयपीसची फोकल लेंथ. ८ इंची डॉब्सोनियन (साध्या स्टँडवरची, ८ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण) बहुतेक वेळा १२०० मिमीची असते, तिला २५ मिमीचा लावला की ४८ पट, ६ मिमीचा लावला की २०० पट.

नवीन माणूस फसतो तो इथेच. ६० मिमीच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ५२५ पॉवर (म्हणजे ५२५ पट) छापलेलं असतं, कारण ७०० मिमी फोकल लेंथला ४ मिमीचा आयपीस आणि वर ३ पटीचं बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं, पॉवर वाढवणारं भिंग) लावलं की आकडा तेवढा येतो, पण दिसतो तो अंधुक हलणारा ठिपका. आरशाच्या किंवा पुढच्या भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला २ ने गुणायचं, ती झाली वरची मर्यादा, म्हणजे ६० मिमीला १२० आणि ८ इंचीला ४००. तेही कागदावरच, कारण शेवटचा शब्द हवेचा असतो. तारे जोरात लुकलुकत असतील त्या रात्री १५० च्या वर जाऊन काही मिळत नाही, उलट थोडी धुरकट पण वारा पडलेली रात्र असेल तर गुरूचे पट्टे असे स्थिर दिसतात की बघत राहावं. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि तीच प्रतिमा नाचवते, आणि दोष मात्र बिचाऱ्या आयपीसला लागतो. ग्रह जितका वर तितकी मधली हवा कमी. जानेवारी २०२६ मध्ये गुरू मिथुनेत होता तेव्हा मुंबई-पुण्याहून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावरच यायचा.

म्हणून ८ इंचीला ग्रहांसाठी ८ मिमी (१५० पट) आणि ६ मिमी असे दोन आयपीस बास. २०० पटीला डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत १ मिमी रुंद असतो, तो अर्ध्या मिमीपर्यंत आणला की आपल्याच डोळ्यातले तरंगणारे ठिपके गुरूवर फिरायला लागतात.

प्रकारांत प्लॉसल स्वस्त आणि चांगला, पण ६ मिमीच्या प्लॉसलला डोळा इतका चिकटवावा लागतो की पापणी काचेला लागते, चष्मेवाल्यांनी तर नादच सोडावा. त्यावर उपाय म्हणजे १२ मिमीचा आयपीस आणि २ पटीचं बार्लो, पॉवर तीच पण डोळा लांब ठेवता येतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं.

१८८० मध्ये अर्न्स्ट आबेने काढलेला ऑर्थोस्कोपिक आजही ग्रहवाल्यांचा लाडका आहे, चारच भिंगं, त्यामुळे विखुरलेला प्रकाश कमी, पण दृश्यक्षेत्र ४०-४५ अंशांचंच. आता ग्रह एवढासा, त्याला मोठं क्षेत्र कशाला असं वाटेल, पण डॉब्सोनियन हाताने ढकलायची असते. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह सारखा सरकत राहतो, २०० पटीला ५२ अंशी आयपीसमधून गुरू साधारण एका मिनिटात या टोकाकडून त्या टोकाला जातो, ८२ अंशीत दीड मिनिटाच्या वर टिकतो आणि ढकलल्यावर थरथर थांबेपर्यंत तो अजून आतच असतो. ग्रहामागे दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटर असेल तर ऑर्थोस्कोपिक घ्या, पैसे वाचतील.