उभ्या धानावर उचल : फुटबॉल क्लब कर्जात कसे जातात

धान कापून झाला की वडशाकडच्या आमच्या गावात बांध्या मोकळ्या होतात. त्यातली एक रुंदशी बांधी पाहून पोट्टे धसकटं उपटतात, बांबूचे गोल उभे करतात आणि बॉल दिसेनासा होईस्तोवर खेळतात. निम्म्यांच्या पाठीवर १० आकडा आणि मेस्सीचं नाव, आठवडी बाजारात घेतलेलं. परवाच्या डिसेंबरात त्यातल्या एकाने विचारलं, "काका, आयएसएल बंद काऊन पडली? त्यायच्यापाशी तं लय पैसा रायते ना?"

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, भारतातली वरची फुटबॉल लीग. तिच्यापुरतं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. पण पैसा असूनही क्लब बुडतो कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते.

तिथे १८८५ मध्ये खेळाडूला पैसे देणं अधिकृत झालं, पण १९०१ पासून पगाराला वरची मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठली तेव्हा कमाल पगार आठवड्याला २० पौंड होता. तोवर खेळाडूची पिळवणूक होती हे खरंच, पण क्लबचा हिशेबही गावच्या दुकानासारखा सोपा होता : तिकिटं विकली, त्यातून पगार दिले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही तिथली नवी वरची लीग आली आणि टीव्हीने पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंड मोजले. १९९५ च्या डिसेंबरात बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला खेळाडू मोकळा. जुन्या क्लबला छदामही न देता तो दुसरीकडे जाऊ शकतो. मग चांगल्या खेळाडूला धरून ठेवायचं तर पगार वाढवण्यावाचून इलाज उरला नाही.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या गावाने नाटकाला मुंबईचा नट आणला की आपल्या मंडळालाही त्याहून मोठा नट हवा असतो. तिकीट तेवढंच, मांडवात बसणारी माणसं तेवढीच, खर्च मात्र दुप्पट. फुटबॉलमध्ये वरून खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती असते, म्हणून ही चढाओढ आणखी जीवघेणी.

या सगळ्यात लीड्स युनायटेडची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. २००१ मध्ये हा इंग्लिश क्लब चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या वरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढेही आपण त्या स्पर्धेत असणारच, असं धरून त्यांनी त्याच वर्षी सुमारे ६ कोटी पौंड उचलले, तेही पुढच्या २५ वर्षांच्या तिकीटविक्रीवर. म्हणजे धान अजून बांधीत उभा, त्यात लोंबीही भरलेली नाही, आणि त्यावर उचल. त्या हंगामात लीगमध्ये ते चौथे आले होते. त्या वर्षी इंग्लंडमधून पहिल्या तिघांनाच प्रवेश होता. पुढच्या हंगामात पाचवे. मग एकेक खेळाडू विकायला काढला. रिओ फर्डिनांड २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे गेला. २००४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत, २००७ मध्ये त्याच्याही खालच्या. नंतर हिशेब उघडले तेव्हा कळलं की ऑफिसातले शोभेचे मासेसुद्धा महिन्याच्या भाड्याने आणलेले होते. माशांनी क्लब बुडवला नाही, पण लोकांच्या लक्षात मासेच राहिले.

लहान क्लबांचं दुखणं निराळं. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी कोसळली. खालच्या श्रेणीतल्या क्लबांशी तिने ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार केला होता, त्यातले १७ कोटी ८५ लाख यायचे राहिले. क्लबांनी तोवर त्या पैशांच्या भरवशावर खेळाडूंचे करार करून टाकलेले. धान केंद्रावर देऊन झाला, चुकारे अडकले आणि पोरीचं लग्न तोंडावर, असा तो प्रकार. १८८५ साली स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप जिंकलेला बेरी हा क्लब २०१८ च्या शेवटी फक्त १ पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला.

मोठ्यांनाही हे चुकलं नाही, त्यांचा सोसण्याचा दम मोठा एवढंच. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली बरीच रक्कम कर्जाची होती आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारलं. दुसऱ्याची जमीन घ्यायची आणि ती घ्यायला काढलेल्या कर्जाचा बोजा त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर चढवायचा! आपल्याकडचा तलाठीसुद्धा डोकं खाजवेल. बार्सिलोनाच्या अध्यक्षांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १३५ कोटी युरोंची देणी जाहीर केली; मेस्सीला जावं लागलं ते त्याच महिन्यात. पुढच्याच वर्षी क्लबने स्पॅनिश लीगच्या टीव्ही उत्पन्नातला एकूण २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी विकून टाकला. लीड्सनंतर एकवीस वर्षांनी पुन्हा तीच उचल, फक्त तिकिटांऐवजी टीव्हीवर.

भारतात उचल देणाराही कोणी नव्हता, कारण गहाण ठेवायला उत्पन्नच नव्हतं. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने घेतलं. जेसीटी, महिंद्रा युनायटेड हे संघ म्हणजे कारखान्याचं एक खातं. मालकाला हौस असेपर्यंत ते चालले. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला, जेसीटीने २०११ मध्ये. पुण्याने तर किती क्लब पाहिले : पुणे एफसी, एकच हंगाम आय-लीग (राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली लीग) खेळून गेलेला भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि २०१४ ते २०१९ पर्यंत टिकलेला एफसी पुणे सिटी, ज्याची जागा हैदराबादने घेतली. कोलकात्याचा १८८९ चा मोहन बागानसुद्धा २०२० मध्ये एटीके या आयएसएलमधल्या क्लबशी जोडला गेला तेव्हा सावरला.

डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले. २०१४ ची आयएसएल त्यातूनच उभी राहिली. म्हणजे अख्ख्या लीगचा खांब एकच आणि त्याची मुदत डिसेंबर २०२५ पर्यंत. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, नवा करार होईना, आणि ११ जुलै २०२५ रोजी आयोजकांनी हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईयिननेही कामकाज थांबवलं. पोट्ट्याला हवं असलेलं दोन वाक्यांतलं उत्तर हेच.

विदर्भातून वरच्या लीगमध्ये खेळणारा क्लब काही उभा राहिला नाही. कामठीच्या छावणीच्या आसपास आणि नागपुरात फुटबॉलचं वेड मात्र जुनं. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी २००१ मध्ये 'स्लम सॉकर' सुरू केलं तेही नागपुरातच. आमच्या बाजूला स्पर्धा म्हणजे गावची वर्गणी, सरपंचांचं पहिलं बक्षीस, बिछायतवाल्याचा मांडव आणि एक वही.

ती वही यंदा माझ्याकडे आहे. संघामागे ५०१ रुपये प्रवेश फी, सोळा संघ आले, दोघांची फी अजून यायची. बिछायतवाल्याचे साडेचार हजार बाकी, एका बॉलची उधारी बाकी. तरी शेवटच्या दिवशी माईकवर जाहीर झालंच : पुढच्या वर्षी पहिलं बक्षीस ११,००१ चं २१,००१. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.