न बोलणाऱ्या मुलाचं संवादाचं साधन वर्गात: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी अर्जाची माहिती

चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून किंवा टॅबवरचं बटण दाबून बोलणाऱ्या मुलाला ते साधन वर्गात मिळणं हा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ अशा पर्यायी संवाद पद्धतींना चालना द्यायला सांगतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत द्यायची, हेही त्याच कलमात आहे. तरी अर्ज परत येतात, आणि बहुतेक वेळा एकाच कागदावाचून.

तो कागद म्हणजे वाचा-भाषा तज्ज्ञाचा अहवाल. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्र सरकारी ओळखपत्र) हातात आलं की काम झालं, असं पालक धरून चालतात. पण कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते. मूल बोलतं कसं, हे त्यावर कुठंच नसतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर परिणाम) असलेल्या मुलाच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर नुसतं अस्थिव्यंग लिहिलेलं असलं, की टेबलापलीकडून प्रश्न येतो, "हात-पायाचा त्रास आहे ना, मग बोलायचं साधन कशाला?" त्याला तोंडी उत्तर देत बसू नका, अहवाल पुढं करा. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असलेल्या तज्ज्ञाचा हवा, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. मुलाला किती समजतं, ते कशानं दाखवतं (बोट, मूठ की नजर), एका पानावर किती चित्रं पेलतात, हे त्यात लिहून घ्या. "साधन उपयोगी ठरू शकेल" एवढंच लिहिलं असेल तर तिथंच बदलून मागा. "शाळेच्या पूर्ण वेळेत साधन मुलाजवळ असणं आवश्यक" असं स्पष्ट वाक्य हवं.

कोल्हापूरला उपचार चालू असतील आणि दाखला तिथला असेल, तर तो "महाराष्ट्राचा" म्हणून नाकारता येत नाही. कलम ५८ नुसार दाखला देशभर चालतो. मात्र तो तात्पुरता असेल तर मुदतीची तारीख आधी बघा. मुदत संपलेला दाखला जोडून महिनोन् महिने वाट बघणारे पालक कमी नाहीत.

दुसरी अडचण नावाची. आधारवर "नाव-वडील-आडनाव", आणि शाळेच्या सॅट्स नोंदीत (कर्नाटकची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) नावापुढं नुसती इंग्रजी आद्याक्षरं. संगणक ही दोन वेगळी मुलं धरतो. अर्जाआधी दोन्ही जुळवून घ्या. त्याच वेळी शाळेच्या नोंदीत मुलाला विशेष गरजा असलेलं मूल म्हणून दाखवलंय का, तेही विचारा. ती नोंद नसेल तर तालुक्याच्या यादीत मूल येतच नाही.

अर्ज मुख्याध्यापकांकडं, प्रत बीईओ (तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाला. बीआरसीतल्या (तालुक्याच्या शिक्षण साधन केंद्रातल्या) समावेशक शिक्षणाच्या शिक्षकांना (बीआयईआरटी) भेटा. दोन्हीकडं पोच घ्या, तोंडी "बघतो"वर घरी येऊ नका. तक्रार मराठीत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० नं दिलाय, पण सोबत कन्नड प्रत जोडलीत तर कागद लवकर हलतो. पलीकडं महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून इकडंही तेच धरू नका. कर्नाटकातलं वर्ष त्याआधी सुरू होतं, तेव्हा कागद मेमध्येच तयार ठेवा. तपासणी शिबिराची तारीखही शाळेत जाऊन विचारत राहा.

मंजुरीची वाट बघत मुलाला गप्प बसवू नका. ए-फोर कागदावर नऊ ते बारा चित्रं पुरेत. "पाहिजे, नको, आणखी, संपलं, थांब, मदत, दुखतंय" हे शब्द आधी. फळांची आणि प्राण्यांची नावं नंतर. शब्द घरच्या मराठीत, खाली कन्नड, म्हणजे कन्नड शिकवणाऱ्या बाईंनाही वाचता येईल. चकचकीत लॅमिनेशन खिडकीच्या उजेडात चमकतं आणि चित्र दिसत नाही, मॅट घ्या. तक्ता दप्तरात नको, बाकावर तिरका उभा हवा. एक प्रत घरी, एक शाळेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रं दाबून बोलायचं जेलो ॲप मराठीत आणि मोफत आहे, पण शाळेत मोबाईलबंदी असते. म्हणून अर्जातच लिहा: "हा टॅब खेळण्यासाठी नाही, मुलाचा आवाज आहे." शिक्षकांना एवढंच सांगा, प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा, मग पुढच्या मुलाकडं वळा.

दहावीत जादा वेळ, लेखनिक किंवा भाषेची सूट हवी असेल तर शाळा परीक्षेचा अर्ज भरते तेव्हाच मागायची. हॉल तिकीट आल्यावर धावाधाव करून काही मिळत नाही.