श्टुटगार्टची दोन मुलं आणि साताऱ्याचं बोर्डिंग

फ्रेड उलमन यांची ‘रीयुनियन’ ही जेमतेम शंभर पानांची इंग्रजी कादंबरी. साताऱ्यात मी ती बऱ्याच जणांच्या हाती दिली आहे, आणि त्यातले कित्येक माझ्या ओळखीचेही नव्हते. एसटीत शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी, वाचनालयात पेपर चाळणारे निवृत्त गुरुजी. परत करू नका, वाचून झाली की पुढे द्या, एवढंच सांगते. वाचलेला माणूस पुन्हा भेटला की हमखास विचारतो, हे खरंच घडलं होतं का?

गोष्ट १९३२ सालची, जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरातली. हान्स श्वार्ट्झ हा ज्यू डॉक्टरचा मुलगा. त्याच्या वर्गात कोनराडिन फॉन होहेनफेल्स दाखल होतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती सरदार घराण्यातला. दोघं सोळा वर्षांचे. जुनी नाणी, कविता, देव आहे की नाही यावरचे वाद, डोंगरातल्या भटकंत्या यांतून जिवाभावाची मैत्री जमते. कोनराडिन हान्सच्या घरी येतो तेव्हा पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले हान्सचे वडील या पोरासमोर टाचा जुळवून जवळजवळ सावधान उभे राहतात. हान्सला मेल्याहून मेल्यासारखं होतं. उलट कोनराडिनच्या वाड्यावर हान्सला बोलावणं येतं ते त्याचे आईवडील घरी नसतात तेव्हाच. पुढे एका रात्री ऑपेराला कोनराडिन आईवडिलांबरोबर हान्सच्या समोरून जातो आणि ओळख दाखवत नाही. आपल्या आईला ज्यूंचा तिटकारा आहे, हे दुसऱ्या दिवशी तो कबूल करतो. त्यापुढचं मी सांगत नाही, कारण पुस्तकाचं शेवटचं वाक्य प्रत्येकाने स्वतः वाचायला हवं.

तर, खरं किती? उलमन यांचा जन्म १९०१ साली श्टुटगार्टमध्येच झाला, आणि पुस्तकातली शाळा त्यांच्या स्वतःच्या शाळेवर बेतलेली आहे. ते मात्र हान्सपेक्षा बरेच मोठे. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ते वकिली करत होते, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं कामही करत होते. अटक होणार अशी आतून खबर मिळाली आणि मार्च १९३३ मध्ये त्यांनी पॅरिस गाठलं. तिथून स्पेन, मग इंग्लंड. वकिली सुटली ती सुटलीच, चित्रकलेवर पोट भरू लागले. १९४० मध्ये इंग्रज सरकारने ‘शत्रूदेशाचा नागरिक’ म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. ज्या देशाने हाकलून दिलं, त्याच देशाचे म्हणून ही कैद! आईवडील मागेच राहिले होते, ते नाझींच्या छळछावणीत गेले.

या सगळ्यानंतर, वयाच्या सत्तरीत, १९७१ साली त्यांनी ही कादंबरी छापली, तीही मातृभाषेत न लिहिता परक्या मुलखात शिकलेल्या इंग्रजीत. पहिली आवृत्ती अगदी छोटी होती, फारसा गाजावाजा झाला नाही. पुढच्या आवृत्तीला प्रसिद्ध लेखक आर्थर कोस्लर यांची प्रस्तावना लाभली, मग फ्रेंच आणि इटालियन भाषांतरं शाळाशाळांतून वाचली जाऊ लागली. १९८९ मध्ये सिनेमाही आला, पटकथा नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांची.

साताऱ्याच्या वाचकाला हे पुस्तक इतकं जवळचं का वाटावं, याचं उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात दिसतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. इथल्या बोर्डिंगात मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एकत्र राहत, एकाच चुलीवरचं जेवत, आळीपाळीने भाकरी थापत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. हान्स आणि कोनराडिन ज्या वर्षांत एकमेकांना दुरावत होते, त्याच वर्षांत इथे हे चाललं होतं. दोन पोरांची माया कितीही असो, मोठ्यांनी घराचं दार उघडलं नाही तर ती एकटी पडते. भाऊराव अण्णांनी ते दार मोठ्यांच्या बाजूने उघडलं, हा मला या दोन गोष्टींतला खरा फरक वाटतो.

अनोळखी माणसाला पुस्तक देण्याची रीतही इथे नवी नाही. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ पासून लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या वाचकांसाठी खुल्या केल्या. सुरुवातीला अशी पंचवीस ठिकाणं होती. कोणीही यावं, पुस्तक काढावं, वाचत बसावं.

आणि याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल उसळली, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्याचं इंटरनेट बंद होतं त्या दिवसांत हे पुस्तक मी पुन्हा वाचलं. हान्सच्या वर्गातली मुलं हळूहळू ज्यूद्वेषाचा एकेक शब्द घरून आणतात आणि बाकावर येऊन बोलून दाखवतात, ती पानं या वेळी फार जड गेली.

म्हणून आता मी शक्यतो दहावी-बारावीच्या वयाचं कोणी दिसलं की त्यांनाच प्रत देते. इंग्रजी साधं आहे, दोन बैठकांत वाचून होतं.