स्टोअरकीपरला न उठवता माल थेट रॅकवर

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या युनिटमध्ये नवीन नेटवर्क बसवलं, १ गिगाबिटच्या जागी २५ गिगाबिट, नवी कार्डं, नव्या केबली, मालकांनी तर स्विचला हळदकुंकूसुद्धा लावलं. आणि पहिल्याच दिवशी डिझाइनला बसणाऱ्या पोरानं हाक मारली, "सर, बघा की जरा, हे अजून धापाच टाकूलालंय." कास्टिंगच्या सिम्युलेशनची फाइल होती, म्हणजे साच्यात ओतलेला रस कुठं आधी गोठतो आणि कुठं नंतर त्याचा हिशेब, असल्या फाइली अवाढव्य असतात, त्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि आपल्या जागेवरून उघडायच्या. स्पीड वाढला होता, नाही असं नाही, पण २५ पट? कुठलं २५ पट!

ज्यांनी हे सगळं विकलं त्यांना फोन केला तर आधी म्हणाले केबल बदला, मग म्हणाले सर्व्हर मोठा घ्या, मग फोन उचलायचेच बंद झाले. शेवटी मीच सर्व्हरवर कोण किती राबतंय ते बघितलं. वायर अर्धीसुद्धा भरलेली नव्हती, आणि प्रोसेसरचा एक कोर मात्र १०० टक्क्यांवर नुसता उकळत होता. म्हणजे रस्ता मोकळा आणि गेटवर रांग.

गेट म्हटलं म्हणून आमच्याच गेटचं सांगतो. कास्टिंगचा टेम्पो येतो, वॉचमन चलन बघून इनवर्ड रजिस्टरला नोंद करतो, हमाल माल अंगणात उतरवतात, स्टोअरकीपर येऊन मोजतो, मग तो माल उचलून स्टोअरच्या रॅकवर जातो, आणि दुपारी मशीनवाल्याला लागला की तो इश्यू स्लिप लिहितो, स्टोअरकीपर परत उठतो, माल ट्रॉलीत घालून मशीनपाशी नेतो. एकेक नग तीन-चार वेळा उचलून ठेवला गेला, आणि टूल अजून त्याला लागलेलंच नाही. आता तुम्ही छोटा टेम्पो काढून मोठा ट्रक लावलात म्हणून काय होणार आहे, स्टोअरकीपर एकच आहे आणि त्याची कंबरपण एकच आहे.

कॉम्प्युटरात अगदी हेच चालतं. लिनक्स-युनिक्सच्या जगात फाइली नेटवर्कवरून वाटायची जुनी रीत म्हणजे एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ साली आणलेली, आणि आजही ती बहुतेक ठिकाणी टीसीपीवर चालते. टीसीपी म्हणजे मालाचे छोटे छोटे गठ्ठे करायचे, एकेक साधारण १५०० बाइटचा, प्रत्येकावर नंबर, पोचल्याची पावती, हरवला तर परत पाठव. वायर १०० गिगाबिटची असेल आणि ती भरून चालायची असेल तर सेकंदाला जवळजवळ ८० लाख गठ्ठे येतात. कार्ड ते आणून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यातल्या मेमरीत टाकतं, हे आपलं अंगण. मग प्रोसेसर नंबर बघतो, क्रम लावतो, आणि आतला माल उचलून जिथं खरा पाहिजे तिथं ठेवतो. म्हणजे कॉपी करतो. ही कॉपीच सगळी कंबर मोडते.

आकडा करून बघा, मी पाठकोऱ्या चलनावर केला होता. १०० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ गीगाबाइट. एकदा कॉपी करायची तर तेवढं मेमरीतून वाचायचं आणि तेवढंच परत मेमरीत लिहायचं, झाले २५ गीगाबाइट. डीडीआर४-३२०० रॅमची एक अख्खी चॅनल सेकंदाला २५.६ गीगाबाइट ओढते, तीही कागदावर. म्हणजे फक्त एक कॉपी करायला एक पूर्ण मेमरी चॅनल खर्ची! आणि ह्या सगळ्या उचलठेवीत फाइलमधलं एक अक्षरसुद्धा बदललेलं नसतं, ती आपली होती तशीच.

टीसीपीवाले काही मूर्ख नाहीत हं, त्यांनी कार्डाकडून मोठाले गठ्ठे फोडून घेणं, दर गठ्ठ्याला प्रोसेसरला हाक मारण्याऐवजी एकदम घाऊक हाक मारणं असले पुष्कळ उपाय केलेत आणि त्यानं खूप फरकपण पडलाय. पण कॉपी जात नाही, आणि ती का जात नाही ही मला ह्यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. टीसीपी हा नळ आहे, त्यातून नुसते बाइट येत राहतात. सर्व्हरचं उत्तर येतं त्यात आधी थोडा मजकूर, "तुझी अमुक मागणी, तिचं हे उत्तर", आणि त्याला चिकटूनच फाइलचा माल. तो मजकूर वाचल्याशिवाय हा माल कुणाचा, कुठल्या रॅकवर जायचा हे कळत नाही, आणि वाचून होईपर्यंत माल अंगणात उतरलेला असतो. मग उचला परत.

आता रिमोट डायरेक्ट मेमरी अॅक्सेस, म्हणजे आरडीएमए. ह्यात मशीनवाला आधीच सांगून ठेवतो, माझ्या ३ नंबरच्या रॅकवर एवढी जागा रिकामी केलीय, ही तिची किल्ली, माल आला की थेट तिथं लाव. टेम्पोवाला किल्ली दाखवतो, माल रॅकवर लावतो आणि जातो. स्टोअरकीपर चहा पीत बसलेला, त्याला पत्तापण नाही. कॉम्प्युटरात रॅक म्हणजे मेमरीचा एक तुकडा. तो कार्डाकडे रजिस्टर करावा लागतो, तसं केलं की ऑपरेटिंग सिस्टिम तो जागेवर खिळवून ठेवते, डिस्कवर हलवत नाही, आणि कार्ड त्या तुकड्याला एक किल्लीचा नंबर देतं. तो नंबर समोरच्या मशीनला कळवला की तिकडचं कार्ड आणि इकडचं कार्ड आपापसात बघून घेतात. गठ्ठे मोजणं, पावत्या देणं, हरवलेलं परत मागणं, सगळं कार्डाच्या चिपमध्येच.

कल्पना नवीन नाही. १९९७ साली कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून अशाच धर्तीचा एक आराखडा काढला होता, पुढं इन्फिनीबँड नावाचं वेगळं नेटवर्कच आलं, त्याची पहिली प्रमाण आवृत्ती २००० सालची. ते मुख्यतः सुपरकॉम्प्युटरवाल्यांच्या घरात राहिलं. आपल्यासारख्यांच्या इथरनेटवर हेच आणायचे दोन रस्ते निघाले, एक आयवॉर्प, तो टीसीपीच्याच डोक्यावर बसतो, आणि दुसरा रॉकी, त्याची पहिली आवृत्ती २०१० ची आणि राउटर ओलांडू शकणारी दुसरी २०१४ ची.

एनएफएसला हे जोडण्याचे नियम जानेवारी २०१० मध्ये आरएफसी ५६६६ म्हणून छापून आले (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात छापतात ते नंबरवार कागद), टॉम टॅल्पी आणि ब्रेंट कॅलाघन ह्या दोघांच्या नावावर, २०१७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. लिनक्समध्ये मात्र २००८ सालीच हे आत घेतलं होतं. नियमातली गंमत अशी की माल कुणी उचलायचा हे ठरलेलं आहे: नेहमी सर्व्हरनंच. फाइल वाचायची असेल तर क्लायंट, म्हणजे फाइल मागणारं मशीन, एक छोटी चिठ्ठी पाठवतो, त्यात मागणी आणि आपल्या रिकाम्या मेमरीची किल्ली, सर्व्हर तो माल थेट त्या मेमरीत नेऊन टाकतो आणि मागून "झालं" एवढीच चिठ्ठी धाडतो. फाइल लिहायची असेल तर क्लायंट सांगतो माल माझ्या ह्या रॅकवर तयार आहे, आणि सर्व्हर स्वतः येऊन ओढून नेतो. चिठ्ठ्यापण मोजूनच पाठवायच्या, सर्व्हरनं जितक्यांची परवानगी दिली तितक्याच, कारण चिठ्ठी पडायला समोर पेटी आधी मांडलेली लागते.

म्हणजे सर्व्हर आपल्या मेमरीची किल्ली कुणालाच देत नाही. सुरुवातीच्या एका पद्धतीत उलटं होतं, सर्व्हर माल काढून ठेवायचा आणि क्लायंटनं येऊन न्यायचा, मग "नेला" म्हणून कळवायचं. आता एखाद्यानं कळवलंच नाही तर? सर्व्हरचं रॅक अडकून पडलं. शिवाय पन्नास जणांकडं आपल्या गोडाऊनच्या किल्ल्या फिरताहेत हे कुठल्या शहाण्याला चालेल? आमचे मालक कपाटाची एक किल्ली मुलालासुद्धा देत नाहीत, त्यांना हा भाग एका झटक्यात कळला, बाकीचं समजावताना माझा घसा बसला होता.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. कार्डं नशिबानं आरडीएमए येणारी होती (विकणाऱ्यालाच ते माहीत नव्हतं), मग सर्व्हरवर ते चालू केलं, आणि क्लायंटवर माउंट करताना, म्हणजे सर्व्हरचा फोल्डर तिथं जोडताना, टीसीपीच्या जागी आरडीएमए लिहून पोर्ट २०४९ चा २००४९ केला. एवढंच. तीच फाइल, तीच वायर, आणि तो उकळणारा कोर गार पडला, स्पीडची रेघ वर जाऊन वायरच्या मापाच्या जवळ टेकली. अगदी शून्य कॉपी झाली असं म्हणणार नाही, साध्या रीतीनं फाइल वाचली तर क्लायंटच्या कर्नलच्या साठ्यातून प्रोग्रामकडं जाताना एक कॉपी उरतेच. पण अंगणातली गेली.

मग जिथं तिथं हेच का नाही लावत, असं तुम्ही विचाराल. एक तर पूर्वी गरजच दिसायची नाही. ७२०० आरपीएमची फिरती डिस्क घ्या, पाहिजे तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदाच्या वर, म्हणजेच ४००० मायक्रोसेकंद. तिथं नेटवर्कवर २०-३० मायक्रोसेकंद वाचवून कुणाला कळणार? लग्नाला दोन तास उशिरा निघालेल्या माणसानं चपला घाई करून घालाव्यात तसं. पण एनव्हीएमई एसएसडी आल्या, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या चिपच्या डिस्का, त्या १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास उत्तर देतात, आणि मग ते वीस-तीस डोळ्यात खुपायला लागले. म्हणून तर २०१६ मध्ये एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स आलं, त्यात लांबची एसएसडी जणू आपल्याच डब्यात बसलीय अशी वापरता येते, आणि तिथं आरडीएमए पहिल्या दिवसापासून होतं. विंडोजवाल्यांकडं सर्व्हर २०१२ पासून एसएमबी डायरेक्ट आहे, एसएमबी म्हणजे त्यांची फाइली वाटायची रीत, तेही हेच.

दुसरं म्हणजे रॉकीचे नखरे. त्याला गठ्ठा हरवलेला खपत नाही. बऱ्याच कार्डांत एक गठ्ठा गळला की त्याच्या पुढचे पोचलेले गठ्ठेसुद्धा परत मागवले जातात, त्यामुळं स्विचला सांगून ठेवावं लागतं की जागा भरत आली तर मागच्याला "थांब" म्हण, टाकू नकोस. आणि हे "थांब" मागं मागं सरकत गेलं की ज्याचा काही संबंध नाही तोही उभा. शनिवारी खडेबाजारात एकानं रिक्षा आडवी लावली की थेट लांबच्या गल्लीपर्यंत हॉर्न वाजतात ना, तसंच. आमचा एकच स्विच आहे म्हणून निभावलं, माझा एक दिवस त्या सेटिंगमध्येच गेला.

आणि बारीक बारीक फाइलींचा फोल्डर असेल तर फार आशा ठेवू नका. हजारभर छोट्या ड्रॉइंगी उघडताना वेळ जातो तो नाव शोध, परवानगी बघ, उघड, बंद कर ह्यात, आणि तो मजकूर चिठ्ठीतच मावतो, रॅकची पाळीच येत नाही.

सगळं बघून मालक म्हणाले, मग बेंगळुरूच्या कस्टमरकडंपण असंच जोडूया की. तिथं मात्र मी हात जोडले. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. बेळगाव ते बेंगळुरू ५०० किलोमीटर धरा, जाऊन यायला ५००० मायक्रोसेकंद, तेही वायर सरळ असेल तर. कार्डं कितीही हुशार लावा, त्यातला एक मायक्रोसेकंद कमी होत नाही. शिवाय आमची बाहेरची लाइन १०० मेगाबिटची, ४ टेराबाइट पाठवायला पावणेचार दिवस. मालकांनी चलनाच्या मागचा माझा हिशेब बघितला, घड्याळ बघितलं, आणि पोराला म्हणाले, "डिस्क पॅक कर, रात्रीची बस सुटायची आहे."