काढलेलं बेअरिंग काय सांगतं

गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या ट्रॉल्या जॅकवर चढतात. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ते डुगडुगलं, किंवा फिरवताना आतून घरघर आली, की मेकॅनिक हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडतो. नवी बेअरिंगं बसतात, जुनी भंगारात जातात. ती जुनी आधी डिझेलने धुऊन उजेडात बघावीत, असा माझा आग्रह आहे. बेअरिंग कशाने गेलं ते त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. कारण तसंच राहिलं तर नवंही त्याच वाटेने जातं.

ट्रॉलीच्या हबात बहुधा निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं उलटसुलट दिशेने बसवलेली असतात. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कारखानदाराला या रचनेचं पेटंट १८९८ मध्ये मिळालं. भरलेली गाडी वळताना चाकाला बाजूनेही रेटते, आणि तो रेटा सरळ रोलरला नीट झेलत नाही. निमुळता पेला आडवा करून फरशीवर ढकला, तो गोल फिरतो. त्याच्या कडा पुढे वाढवल्या तर जिथे मिळतील, तिथे त्या वर्तुळाचा मध्य असतो. बेअरिंगमधल्या सगळ्या रोलरांचे असे बिंदू एक्सलच्या मध्यरेषेवर एकाच जागी येतात, म्हणून ते न घसरता लोळतात.

रोलर आणि कप (बेअरिंगचं बाहेरचं कडं) यांचा स्पर्श मात्र एका बारीक रेषेपुरताच. सगळा भार तिथे एकवटतो. घासणारा ताण सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागाच्या किंचित खाली. तिथे सूक्ष्म तडा जातो, तो वर येतो आणि पोलादाची खपली उडते. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे भार दुप्पट केला तर आयुष्य दहाव्या हिश्शावर येतं. क्षमतेपेक्षा नुसता २० टक्के जास्त ऊस भरला तरी ते निम्म्याच्या जवळ उतरतं. खपल्या उडालेल्या दिसल्या तर आधी भरतीचा विचार करा.

पृष्ठभाग राखाडी, निस्तेज आणि ओरखडलेला असेल तर ऑइल सील फाटून धूळ आत गेली आहे. वाळूतला क्वार्ट्झ बेअरिंगच्या पोलादाहूनही कठीण असतो. निळी-तपकिरी झाक म्हणजे ग्रीस संपलं किंवा एक्सलच्या टोकाचा नट जास्त आवळला गेला. आणि रोलरांच्या अंतरावर गंजाच्या आडव्या रेघा असतील, तर ट्रॉली पावसाळाभर एका जागी उभी होती आणि हबात पाणी शिरलं होतं. आपल्याकडे हे फार होतं. हंगाम संपताच ताजं ग्रीस भरलं आणि अधूनमधून चाक फिरवलं, तर हे नुकसान बरंच टळतं.

बदलताना कोन (रोलर बसवलेलं आतलं कडं) आणि कप जोडीनेच बदलावेत. खराब कपात नवा कोन फार टिकत नाही. हबात घट्ट बसलेला कप काढायची वर्कशॉपमधली युक्ती मला फार आवडते. ग्रीस पुसून कपाच्या आतून वेल्डिंगची एक रेघ मारतात. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, सोबत कपालाही आत ओढतं, आणि तो सहज सुटतो. नवा कोन घट्ट बसणारा असेल तर उलटं करायचं. ५० मिलिमीटर भोकाचा कोन ८० अंशांनी तापवला की ते भोक सुमारे ०.०५ मिलिमीटर मोठं होतं. तेलात १०० अंशांपर्यंत तापवणं पुरतं; गॅसच्या ज्योतीने पोलादाचा कठीणपणा जातो. हातोड्याचा घाव रोलरांतून जाऊ देऊ नका, कपावर कायमचे खळगे पडतात. ट्रॉलीला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावा. नाहीतर करंट बेअरिंगमधून वाहतो आणि ठिणग्या पोलाद टोचतात.

नट चाक फिरवत-फिरवत आधी आवळायचा, मग थोडा सैल करून कॉटर पिन घालायची. पहिल्या खेपेनंतर हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर नट फार आवळला गेला आहे किंवा ग्रीस ठासून भरलं आहे, तेव्हा पुढची खेप भरण्याआधी हब पुन्हा उघडा.