धातूचे सूक्ष्माग्र

सूक्ष्माग्र म्हणजे धातूच्या तारेला मुद्दाम काढलेली अत्यंत बारीक अणी. शिवणाची सुई बोटाला टोचते म्हणून आपण तिला तीक्ष्ण म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली तेच टोक बोथट टेकाडासारखे दिसते. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्माग्राच्या टोकाची त्रिज्या बहुधा २० ते १०० नॅनोमीटर असते. १०० नॅनोमीटर लांबीत टंगस्टनचे जेमतेम साडेतीनशे-पावणेचारशे अणू ओळीने बसतात. अशा टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटते आणि सूक्ष्माग्राचे बरेचसे उपयोग यातूनच निघाले आहेत. उरलेले उपयोग टोक अगदी लहान जागी पोहोचते एवढ्यावरच उभे आहेत.

वाहकाचा पृष्ठभाग जिथे अधिक वळलेला, तिथे क्षेत्र अधिक. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात वीज उतरवण्यासाठी अणकुचीदार दांडा सुचवला तो टोकांचा हा गुण पाहूनच. सूक्ष्माग्रासाठी ढोबळ हिशेब असा, की लावलेल्या विद्युत दाबाला त्रिज्येच्या पाचपटीने भागायचे. त्रिज्या १०० नॅनोमीटर आणि दाब २,५०० व्होल्ट असेल, तर टोकाशी दर नॅनोमीटरला सुमारे ५ व्होल्ट क्षेत्र मिळते. हवेत ठिणगी पडायला लागणाऱ्या क्षेत्राच्या हे हजारपटीहून जास्त आहे. दाब मात्र मामुलीच. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला याच्या कितीतरी पट लागे.

सूक्ष्माग्रासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा धातू टंगस्टन. तो ३,४२२ अंश सेल्सियसला वितळतो आणि क्षेत्राची जबर ओढ सोसतो. टोक काढायची रीत स्वस्त आणि थोडी हातखंड्याची आहे. पाव मिलिमीटर जाडीची तार कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, भोवती स्टेनलेस स्टीलची कडी ठेवायची आणि तार विजेच्या धन बाजूला जोडून काही व्होल्ट द्यायचे. द्रावण तारेला चिकटून जिथे किंचित वर चढलेले असते, तिथे धातू भराभर विरघळतो. विरघळून झालेला टंगस्टेट जड असल्याने तारेच्या कडेने खाली ओघळतो आणि खालच्या भागाला झाकून ठेवतो. त्यामुळे मधे मान पडते, ती बारीक होत जाते आणि अखेर लोंबणारा तुकडा स्वतःच्या वजनाने तुटून तळाशी पडतो. प्रवाह त्याच क्षणी तोडावा लागतो. उशीर झाला, की नुकतेच झालेले टोक द्रावण खाऊन टाकते. हाताने बटण दाबणाऱ्याचे टोक बहुधा बोथट निघते, म्हणून प्रवाह घसरताच तो आपोआप तोडणारे सर्किट वापरतात. नंतर टोक पाण्याने व अल्कोहोलने धुतात, आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर निर्वातात तापवून घालवतात.

अशा टोकाला ऋण दाब दिला, की तापवल्याशिवायच त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पृष्ठाशी असलेला ऊर्जेचा अडसर क्षेत्रामुळे इतका पातळ होतो, की इलेक्ट्रॉन त्यावरून उडी न मारता आरपार निघतात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ साली पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) याचा उलगडा केला. एर्विन म्यूलर यांनी १९३६ मध्ये बर्लिनला याच क्षेत्र-उत्सर्जनावर चालणारा सूक्ष्मदर्शक बांधला. त्यात एकही भिंग नाही. टोकापासून निघालेले इलेक्ट्रॉन पसरत जाऊन काही सेंटिमीटरवरच्या प्रतिदीप्त पडद्यावर आदळतात आणि टोकाचे लाखो पट मोठे चित्र उमटते. टंगस्टनच्या चित्रात मधोमध काळा डाग दिसतो. तार ओढताना धातूचे स्फटिक एका ठरावीक दिशेने लागतात, त्यामुळे टोकाच्या माथ्यावर अणूंची सर्वांत दाट बसलेली पातळी येते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटत नाहीत. या क्षेत्र-उत्सर्जनावर पुण्याच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही संशोधन झाले आहे.

या चित्रात अणू मात्र सुटे दिसत नाहीत, कारण इलेक्ट्रॉन बाहेर पडताना आडवेही सरकतात. म्यूलर यांनी १९५१ मध्ये ध्रुव उलटे केले. टोक धन ठेवले, निर्वातात किंचित वायू सोडला, आणि टोकावर आयन (विद्युतभारित कण) होऊन बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायुकणांनी चित्र उमटवले. पुढे हीलियम वापरून व टोक अतिशय थंड करून चित्र आणखी रेखीव झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत म्यूलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांना टंगस्टनचे अणू एकेक ठिपक्याच्या रूपात दिसले. पडद्यावर ठिपक्यांची एकात एक बसलेली वर्तुळे दिसतात. त्या टोकावरील पायऱ्यांच्या कडा. क्षेत्र आणखी वाढवले, तर धातूचे स्वतःचेच अणू सुटून जातात, आणि तेही आधी उंचवट्यांवरचे. त्यामुळे टोक आपोआप गुळगुळीत होते. माणसाला अशी घासाई जमली नसती. हे सुटलेले अणू पकडून, पडद्यापर्यंत यायला लागलेल्या वेळावरून ते कोणत्या मूलद्रव्याचे हे ओळखणारे अणुशोधक यंत्र १९६७ च्या सुमारास म्यूलर यांच्याच प्रयोगशाळेत झाले. आज मिश्रधातूंचे त्रिमितीय नकाशे त्याच तत्त्वावर काढतात. फक्त तपासायचा पदार्थच कोरून सूक्ष्माग्र बनवतात.

इथवर टोक स्वतःच पाहण्याची वस्तू होते. झ्यूरिकला गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये त्यालाच पाहण्याचे साधन केले. त्यांच्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये टोक नमुन्यापासून एक नॅनोमीटरहून कमी अंतरावर आणतात आणि मधून वाहणारा अत्यल्प प्रवाह मोजत पुढे-मागे फिरवतात. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले, की प्रवाह सुमारे दहापट घटतो. म्हणून सगळे टोक सुबक असण्याची गरज नाही. सर्वांत पुढे आलेल्या एका अणूतूनच बहुतेक प्रवाह जातो. प्लॅटिनम-इरिडियमची तार ओढत-ओढत तिरकी कापली तरी अनेकदा काम होते, आणि आठवडाभर खपून केलेले टोक कधी साध्या कात्रीपुढे हरते. दोन उंचवटे एकाच पातळीत आले, तर मात्र प्रत्येक अणू जोडीने दिसतो. डॉन आयगलर यांनी १९८९ मध्ये अशाच टोकाने निकेलवर ३५ झेनॉन अणू सरकवून आयबीएम ही आपल्या कंपनीच्या नावाची अक्षरे लिहिली.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तोफेतही, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणाऱ्या भागात, टंगस्टनचे टोक बसवतात, कारण त्यातून निघणारा झोत फार लहान बिंदूतून येतो. त्यावर थोडा वायू साचला तरी उत्सर्जन डळमळते, म्हणून तोफेतला निर्वात फारच उच्च दर्जाचा ठेवतात. टोकावर गॅलियमचा थर चढवला, तर आयनांचा झोत मिळतो; गॅलियम सुमारे ३० अंशांनाच वितळत असल्याने ते जमते, आणि चिपमधला नेमका थर कापायला हाच झोत वापरतात. क्षेत्राशी काहीही संबंध नसलेला उपयोग डेव्हिड ह्यूबेल यांचा. १९५७ मध्ये त्यांनी टंगस्टनच्या तारेला टोक काढून तिच्यावर व्हार्निश चढवले, टोकाजवळचा अगदी थोडा भाग उघडा ठेवला आणि मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे संकेत टिपले.